कोल्हापुरात काय काय लागते!

सकाळी साडेसहाला फोन वाजला. पुण्याहून आमच्या भाचीचा. "मामा, गाडी लागली," एवढेच बोलली आणि फोन बंद झाला. पलंगावर बसलेल्या आमच्या आईने ते ऐकले आणि हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. "बघा, निघायच्या आधीच पोरीला गाडी लागली. तिला म्हणावं, लिंबू हुंग आणि खिडकीजवळ बस." स्वारगेटच्या फलाटावर कोल्हापूरची गाडी येऊन उभी राहिली, एवढाच त्याचा अर्थ आहे, असे आम्ही आईला समजावले. आई म्हणाली, "मग तसं म्हणायला काय झालं?"

आईचे खरे होते. पण आपल्या मराठीत असेच आहे. 'लागणे' हे एकच क्रियापद आपण दिवसातून किती वेळा आणि किती अर्थांनी वापरतो, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि पोटासाठी कारकून. हिशेब ठेवणे हे आमचे काम. तरी या शब्दाचे खाते आम्हीही कधी उघडले नव्हते. ते उघडायला एक जपानी शब्द कारण झाला. ती हकिगत आणि त्या निमित्ताने झालेली कोल्हापूरची एका दिवसाची फेरी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाचीचा गृहपाठ

भाचीने नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केला आहे. गेले वर्षभर ती पुण्यात जपानी भाषा शिकते. जपानमध्ये शंभरातली एकोणतीसच्या आसपास माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. त्यांची शुश्रूषा करायला तिथे तरुण हात कमी पडतात. म्हणून त्या देशाने एप्रिल २०१९ पासून परदेशी कुशल कामगारांसाठी वेगळा परवाना सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात तसा करारही झाला. त्यासाठी भाषेची परीक्षा द्यावी लागते आणि शुश्रूषेच्या कामाचीही द्यावी लागते. भाचीची भाषेची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होती आणि ती ऑक्टोबरच्या अखेरीस चार दिवस विसाव्यासाठी आमच्याकडे आली.

विसावा कसला! "जयभीम मामा" म्हणून पिशवी ठेवली आणि वही उघडून बसली. तिचे घोडे एका क्रियापदापाशी अडले होते. शब्द होता 'काकेरु'. मूळ अर्थ अडकवणे, टांगणे. पण शब्दकोशात त्याचे अर्थ मोजून वीसच्या वर. शर्ट खुंटीला अडकवायचा तर काकेरु, चष्मा घालायचा तर काकेरु, कुलूप घालायचे, फोन करायचा, गाण्याची तबकडी वाजवायची, भातावर मीठ भुरभुरायचे, इस्त्री फिरवायची, खुर्चीवर टेकायचे, दुसऱ्याला त्रास द्यायचा, या सगळ्याला काकेरु. इतकेच काय, गुणाकारालाही काकेरु. 'सान काकेरु योन' म्हणजे तीन गुणिले चार! शिवाय त्याचा जुळा भाऊ 'काकारु'. तो आपोआप घडणाऱ्या गोष्टींचा. भाची रडकुंडीला आली होती. "मामा, इंग्रजीत एकेका अर्थाला वेगळा शब्द आहे. किती पाठ करू?"

आम्ही सहज म्हणालो, "इंग्रजीतून कशाला जातेस? मराठीतून जा. चष्मा आपण काय करतो?"

"लावतो."

"कुलूप?"

"लावतो."

"फोन? गाणं?"

ती गप्प झाली. मग वही ओढून भराभर लिहू लागली. चष्मा लावणे, कुलूप लावणे, फोन लावणे, रेकॉर्ड लावणे. हे सगळे काकेरु. आणि जुळा भाऊ काकारु म्हणजे आपले 'लागणे'. जपानीत 'जिकान गा काकारु' म्हणजे वेळ लागतो. 'ओकाने गा काकारु' म्हणजे पैसे लागतात. कुलूप लागले, कर लागला, मासा गळाला लागला, या सगळ्यांना तिकडे काकारु. समुद्रापल्याडच्या त्या भाषेचा आणि आपल्या मराठीचा कुळाचा संबंध नाही. तरी दोघींनी एकच खुंटी ठोकली आणि तिच्यावर इतके संसार टांगले!

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमचे अभ्यासकेंद्र त्या दिवशी दुसऱ्या कार्यकर्त्याने सांभाळायचे ठरले होते. आम्ही म्हणालो, "चल, कोल्हापूर फिरून येऊ. वही घे. जिथे जिथे काही लागेल तिथे लिहून ठेव." आमच्या पत्नीही निघाल्या. आई मात्र निघाली नाही. तिचे गुडघे धरले आहेत. जाताना ती भाचीला एवढेच म्हणाली, "फिर बाई फिर. पण त्या जपानात तुझं कोण लागतंय ते मला सांग आधी."

हा प्रश्न आईने गेल्या वर्षभरात दहादा विचारला असेल. त्याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते.

बिंदू चौक ते खासबाग

सकाळी आधी मिसळीच्या दुकानात गेलो. तिथे नंबर लागायला अर्धा तास लागला. भाचीने लगेच वहीत दोन ओळी केल्या. एक 'लागणे' पाळी येण्याचे, दुसरे खर्च होण्याचे. मिसळ आली. तिला तिखट लागली, मग ठसका लागला, पाठोपाठ उचकी लागली. दुकानदार हसून म्हणाला, "ताई, पुण्याच्या दिसता. कट जरा कमी लागतोय का तुम्हाला?" त्या एका टेबलावर वहीचे अर्धे पान भरले.

भूक लागणे मात्र काकारुमध्ये बसत नाही, असे भाचीने सांगितले. जपानी माणसाचे पोट 'रिकामे होते' आणि तहान लागली म्हणजे घसा 'सुकतो'. दिवा लागणे आणि आग लागणे यांना त्यांचे आणखी एक क्रियापद आहे, 'त्सुकु'. त्याचाही मूळ अर्थ चिकटणे, लागणे असाच. गाडी लागणे म्हणायचे तर ते 'गाडीची दारू चढणे' अशा अर्थाचे बोलतात. दोन भाषा सगळीकडे जुळतील अशी अपेक्षाही करू नये. जुळल्या तिथे आनंद मानावा आणि जुळल्या नाहीत तिथे लक्षात ठेवावे, म्हणजे परीक्षेत चूक होत नाही.

तिथून चालत बिंदू चौकात आलो. या चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसवले गेले, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत. आम्ही तिघांनी अभिवादन केले. भाचीने विचारले, "मामा, इथं काय लागतं?" आमच्या पत्नी म्हणाल्या, "इथं आलं की मन लागतं." त्यांचे शिक्षण आमच्यापेक्षा कमी, पण उत्तर आमच्यापेक्षा चांगले होते. भाचीने ते लिहून घेतले.

पुढे चपलांची दुकाने असलेली गल्ली. कोल्हापुरी पायताण पहिले काही दिवस पायाला लागते. तेल पाजले, पायाच्या घामाने मऊ झाले, की मग वर्षानुवर्षे साथ देते. कान, अंगठा, पट्टा, वेणी असे तिचे अवयव असतात आणि कापशीसारखे तिचे प्रकार गावाच्या नावाने ओळखले जातात. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांत ती बनते. कातडे कमावण्यापासून शिवण्यापर्यंत पिढ्यानपिढ्या ज्यांचे हात तिला लागले, त्या कारागिरांना गावात मान नव्हता, हे सांगायला नको. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात एका बड्या फॅशन कंपनीच्या कार्यक्रमात हुबेहूब अशीच पायताणे झळकली. पण त्यांना कोल्हापूरचे नाव लागले नव्हते. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने मूळ प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. एका दुकानातले म्हातारे कारागीर म्हणाले, "माल लागला, पर नाव लागलं न्हाई." आम्ही कारकून आहोत. सात-बाऱ्याला नाव लागणे म्हणजे काय आणि न लागणे म्हणजे काय, हे रोज बघतो. नाव आपोआप लागत नसते, अर्ज करून, भांडून लावून घ्यावे लागते.

इथूनच खासबाग मैदान जवळ आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपच्या प्रवासात रोमचे जुने रिंगण पाहिले आणि तशी बैठकव्यवस्था असलेले हे कुस्तीचे मैदान १९१२ मध्ये उभे केले. कुस्तीच्या भाषेतही 'लागणे' ठायी ठायी आहे. आधी कुस्ती 'लागते', म्हणजे जोड ठरते. मग डाव लागतो. ज्याच्या पाठीला माती लागली तो हरला. पण लाल मातीचे अप्रूप असे, की अंगाला माती लागल्याशिवाय कुणी पैलवान होत नाही. एकच माती अंगाला लागली तर मान, पाठीला लागली तर हार!

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. पॅलेस थिएटर म्हणून १९१५ साली बांधलेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती होती. आम्ही त्या रात्री रस्त्यावर उभे होतो. शेजारी उभा असलेला एक पडदे ओढणारा कामगार लहान मुलासारखा रडत होता. तेव्हा नाट्यगृहाला आग लागली आणि गावाच्या मनाला लागले. शब्द दोन्हीकडे तोच, पण जखमा वेगळ्या. नंतर वास्तू पुन्हा उभी करण्याचे काम हाती घेण्यात आले. गाव त्या कामाला लागले, हे त्याच शब्दाचे तिसरे रूप आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

या गावाचा सिनेमाशीही जुना संबंध. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, त्यांचा 'सैरंध्री' १९२० सालचा. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथेच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. "कुठला पिच्चर लागलाय?" हा कोल्हापूरकरांचा कैक पिढ्यांचा प्रश्न. भाची उडालीच. "मामा, जपानीतही तसंच! एइगा गा काकारु. एइगा म्हणजे सिनेमा. सिनेमा लागतो!" तिने ती ओळ तांबड्या शाईने लिहिली.

चहाचे दुकान

दुपारी भाऊसिंगजी रोडने निघालो. या रस्त्यावर एके काळी गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान होते. ही हकिगत आपल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल, पण भाचीला नीट माहीत नव्हती. म्हणून रस्त्याच्या कडेला उभे राहून सांगितली.

गंगाराम कांबळे हे संस्थानच्या पागेत नोकर होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला त्यांचा हात लागला, म्हणून बरोबरच्या नोकरांनी त्यांना बेदम मारले. शाहू महाराज त्या वेळी गावात नव्हते. परत आल्यावर गंगारामांनी गाऱ्हाणे घातले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यातून 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे दुकान निघाले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः घोडागाडी दुकानापुढे थांबवून चहा मागवू लागले. स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. राजा पितो म्हटल्यावर दुसऱ्यांना नाही कसे म्हणता येणार?

भाची बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, म्हणजे नुसता हात लागला म्हणून?"

होय. नुसता हात लागला म्हणून. इथे आम्हाला या शब्दाच्या मुळाशी जाणे भाग पडले. 'लागणे' हे संस्कृतातल्या 'लग्' धातूपासून प्राकृतातून आपल्याकडे आले. त्याचा पहिला अर्थच मुळी स्पर्श होणे, चिकटणे, जोडले जाणे. लग्न हा शब्दही त्यातलाच, म्हणजे जोडलेले. आपल्या खेड्यात 'लगीन लागलं' म्हणतात, तेव्हा एकाच धातूचे दोन शब्द शेजारी बसतात. लगेच, लगत, लागवड, लागेबांधे ही सगळी याच घरची लेकरे. मोल्सवर्थने १८३१ साली मराठीचा मोठा कोश छापला, १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. त्यातही या एका शब्दाला भरपूर जागा द्यावी लागली.

विचार करा. ज्या भाषेत भूक, तहान, नोकरी, लग्न, दिवा, ध्यान, झोप, नाते, एवढे सगळे 'स्पर्श होणे' या एका कल्पनेवर उभे आहे, त्याच भाषेच्या समाजात माणसाला माणसाचा हात लागणे हा गुन्हा ठरवला गेला. आमची आई सत्तरी ओलांडलेली आहे. तिच्या लहानपणी घटना लागू झालेली होती, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर झालेले होते. तरी गावातल्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेरच्या कोनाड्यात असायचे. आपले आपण विसळून ठेवायचे. कायदा लागू होणे आणि अंगवळणी लागणे यांच्यात किती अंतर असते, ते आईने पाहिले आहे.

आता भाचीच्या वहीतला जुळ्या भावांचा धडा आमच्या उपयोगी पडला. काकारु आपोआप घडते, काकेरु कुणीतरी करतो. तसेच 'लागणे' आणि 'लावणे'. दिवा लागला असे आपण म्हणतो, पण कुणीतरी लावल्याशिवाय तो लागत नाही. शिस्त लागत नाही, लावावी लागते. आळ लागत नाही, लावला जातो. 'लागणे' वापरले की करणारा पडद्याआड जातो. आम्ही कचेरीत हे रोज अनुभवतो. "फाईल अजून मार्गी लागली नाही," असे म्हटले की कुणाचाच दोष नाही. मग ती कुणी मार्गी लावली नाही, असे कुणी विचारले तर सगळे खिडकीबाहेर बघतात.

"आमच्या अमक्याला नोकरी लागली," असे आपण आनंदाने म्हणतो. झाडाला फळ लागावे तशी ती लागली असे वाटते. पण २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा कुठे ते झाड लागले. २१ आणि २२ मार्च १९२० ला इथून जवळच माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि महाराज स्वतः तिथे आले, तेव्हा त्याला पाणी घातले गेले. फळ खाताना झाड कुणी लावले हे विसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

पंचगंगेच्या घाटावर

संध्याकाळी घाटावर गेलो. पाणी उतरलेले होते. दगडी दीपमाळांवर चिखलाची रेघ होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात हजारो घरांना पाणी लागले. "तुमच्यात पाणी कुठवर लागलं?" हा इथला पावसाळ्यातला कुशलप्रश्न. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या अभ्यासकेंद्राची मुले भाकरी गोळा करीत होती. ज्यांच्या घरी कधी पाऊल ठेवले नव्हते, त्यांच्या म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन पाण्यातून काढत होती. त्या आठवड्यात कुणी कुणाला जात विचारली नाही. पाणी ओसरल्यावर काहींनी विचारली, तेही खरे.

नदीपलीकडे उसाचे फड दिसत होते. गळिताचे दिवस तोंडावर आले होते आणि पूर्वहंगामी लागण चालू होती. इकडे ऊस लावण्याला लागणच म्हणतात. आडसाली लागण, सुरू लागण, मग खोडवा. २०२० साली 'कोरोनाची लागण' हे शब्द रोज कानावर आले, तेव्हा आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला मोठा राग यायचा. म्हणायचा, "आमची लागण पोट भरती, आन् ह्येंची लागण माणूस मारती. दोन्हीला एकच शबुद कसा काय?" त्याही दिवसांत हात लागणे धोक्याचे झाले होते. फरक एवढाच, की ते अंतर रोगापुरते होते आणि सर्वांना सारखे होते.

घाटाच्या पायरीवर बसून भाचीने वही मोजली. सत्तावन्न ओळी भरल्या होत्या. ती हळूच म्हणाली, "मामा, एक राहिलं. ते आमच्या पुस्तकातलं आहे. शुश्रूषेच्या धड्यात येतं. 'ते गा काकारु.' ते म्हणजे हात."

"म्हणजे हात लागतो?"

"शब्दशः तसंच. पण अर्थ वेगळा. ज्या मुलाचं, ज्या म्हाताऱ्या माणसाचं खूप करावं लागतं, ज्याला जपावं लागतं, त्याच्याबद्दल तसं म्हणतात. याला फार हात लागतो."

आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो. मराठीत 'हात लागला' म्हणजे एके काळी मार बसायचा. जपानीत 'हात लागतो' म्हणजे माया करावी लागते. पण मग आमच्या पत्नींनी आठवण करून दिली, "आपल्यातही आहे की. हातभार लागतो म्हणतोच आपण." खरेच की. शब्द दोन्हीकडे तयार होता. तो कुठल्या कामाला लावायचा, हे माणसांनी ठरवायचे होते.

आईचा प्रश्न

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. आई वाट बघून कंटाळली होती. जेवणे झाल्यावर भाचीने तिचे पाय मांडीवर घेतले आणि कोमट तेल लावायला बसली. शिकलेला हात होता. गुडघ्याची वाटी कुठे धरावी, कुठे दाबू नये, हे तिला बरोबर ठाऊक होते. आईचा डोळा लागत आला होता. मधेच ती म्हणाली, "मग? जायला लागतंयच म्हण की तुला."

आमच्या कोल्हापुरी बोलीत 'जायला लागतंय' याचे दोन अर्थ होतात. जाणे भाग आहे, हा एक. जाऊ लागली आहे, हा दुसरा. आईच्या मनात पहिला होता. घरची ओढ सुटून, गरज म्हणून पोरीला परक्या मुलखात जावे लागते, याचे तिला दुःख होते. तिच्या आयुष्यात तिला जे जे करावे लागले, त्यात तिची मर्जी कुणी विचारली नव्हती.

भाची म्हणाली, "आज्जी, मला जायला लागत नाही. मला जायचंय." मग तिने दिवसभराच्या गोष्टी सांगितल्या. गंगाराम कांबळ्यांच्या चहाची, जळालेल्या नाट्यगृहाची आणि शेवटी 'ते गा काकारु'ची. "तिथं माझं काम काय असणार माहीत आहे? म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, घास भरवायचा. दिवसभर हात लावायचा आज्जी. आणि ते कुणाला चालत नाही असं कुणी म्हणणार नाही. उलट परीक्षा घेऊन बोलवतात."

आई बराच वेळ काही बोलली नाही. कोनाड्यातला कप तिला आठवत होता की काय, कोण जाणे. आम्ही विचारले नाही. मग आपला पाय सोडवून घेत म्हणाली, "तिथली म्हातारी माणसं एकटीच असत्यात म्हण."

"पुष्कळ एकटी असतात."

"मग त्यांना बी कोण तरी लागतंयच की."

वाचकहो, व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य साधे आहे. त्यात 'लागणे' म्हणजे गरज असणे. पण आईने वर्षभर विचारलेला प्रश्न नात्याचा होता, 'तिथं तुझं कोण लागतंय?' आणि त्याचे उत्तर तिने स्वतःच दिले. ज्याला आपण लागतो, तो आपला लागतो. यापुढे आम्ही काही भर घालावी असे नाही.

चौथ्या दिवशी भाचीला पोचवायला मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. फलाटावर पुण्याची गाडी लागलेली होती. आईने डब्याबरोबर एक लिंबू दिले होते. भाचीने ते हुंगून दाखवले आणि खिडकीजवळ बसली. तिची वही आम्ही ठेवून घेतली आहे. दर रविवारी अभ्यासकेंद्रातली मुले तिच्यात एकेक ओळ वाढवतात. परवा सहावीतल्या एका मुलीने लिहिले, 'वाचनाची गोडी लागणे.' आम्ही खाली तांबड्या शाईने शेरा मारला, 'लागत नाही, लावावी लागते.' तिने तो वाचला आणि विचारले, "मग सर, तुम्हाला कुणी लावली?"

आम्ही घरी येऊन आईला हा प्रश्न सांगितला. तिला अक्षर येत नाही. कंदिलाची काच रोज पुसून आमच्या पुढ्यात ठेवणारी तीच होती.